रोहूच्या पोटातलं विरजण

शेततळ्यात मासे सोडलेले कुणी भेटले की एक प्रश्न हमखास येतो, प्रोबायोटिकचं, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवंत जंतूंचं, पाकीट महाग पडतं, मग घरचं दही खाद्यात कालवून दिलं तर चालेल ना? दह्यात जिवंत जंतू असतात हे खरं, पण ते दुधावर वाढायला सरावलेले, ते किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही, आणि खाद्याला चोपडलेलं दही अर्धं तर पाण्यातच विरघळून जातं, म्हणजे माशाच्या पोटात कमी आणि तळ्यात घाण जास्त. ते भाकरीबरोबर आपणच खाल्लेलं बरं.

पण प्रश्नामागचा विचार मात्र बरोबर आहे. मासा जंतूंच्या पाण्यातच राहतो, प्रत्येक घोटाबरोबर ते आत जातात, त्यामुळे तळ्यात जे चाललंय त्याचा परिणाम आतड्यातल्या जंतूंवर होतोच. एरोमोनास नावाचा जंतू बहुतेक तळ्यांत कायम असतो, एरवी गप्प, पण दाटी झाली, ऑक्सिजन कमी पडला, जाळं ओढताना मासे घासले गेले की तो उचल खातो, मग अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले आणि सकाळी काठाला मेलेले मासे.

पोटातल्या जंतूंचं काम किती मोठं आहे ते झेब्राफिशवर छान दिसलं. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला हा बोटाएवढा मासा, अमेरिकेत शास्त्रज्ञांनी त्याची पिल्लं पूर्ण निर्जंतुक वाढवली आणि २००४ साली निकाल छापला. जंतू असलेल्या आणि नसलेल्या पिल्लांत तब्बल २१२ जनुकांचं काम वेगळं चाललेलं, आणि जंतू नसतील तर आतड्याच्या अस्तरात नव्या पेशीसुद्धा कमी तयार होतात. म्हणजे आतडं नीट घडवायलाच जंतू लागतात.

माशांच्या खाद्यात मुद्दाम जंतू घालायची सुरुवात जपानची. १९८६ मध्ये कोझासा या संशोधकाने तिथल्या यलोटेल माशाला बॅसिलस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, खाऊ घातले आणि वाढ सुधारलेली दिसली. आपल्याकडे शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत रोहूच्याच आतड्यातून बॅसिलस वेगळा काढून तो परत रोहूच्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, खाद्यातून दिला, तिथेही वाढ आणि खाद्याचा वापर सुधारला. मला हे फार आवडतं, घरचं विरजण घरच्याच भांड्यात! यातलं गणित सोपंय, हे जंतू प्रथिनं, स्टार्च फोडणारी एन्झाइम सोडतात, पेंड आणि कोंड्यातलं जे माशाला एकट्याला पचलं नसतं ते थोडं जास्त पचतं, आणि खाद्यावरच निम्म्याहून जास्त खर्च जातो तिथे थोडं जास्त पचणंही मोलाचं.

प्रतिकारशक्तीचं सांगायचं तर माशाच्या शरीरात अँटिबॉडी बनतात पण सावकाश, पहिली झुंज द्यायची ती अंगावरच्या चिकट थराने, त्यातल्या लायसोझाइम या जंतू फोडणाऱ्या एन्झाइमने आणि जंतू गिळणाऱ्या पेशींनी. प्रोबायोटिकमुळे ही पहिली फळी जागी राहते, शिवाय चांगल्या जंतूंनी जागा आणि खाणं अडवलं की रोगजंतूला पाय रोवायला अवघड जातं. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूला खाद्यातून बॅसिलस सबटिलिस देऊन नंतर मुद्दाम एरोमोनासची लागण केली, तर प्रोबायोटिक खाल्लेले मासे जास्त वाचले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. फिनलंडमध्ये रेनबो ट्राउटला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, म्हणजे माणसांच्या प्रोबायोटिकमध्ये असतो तोच जंतू, खाद्यातून दिला आणि मग रोगाची लागण केली. काहीच न दिलेल्यांत ५२.६ टक्के मासे मेले. ग्रॅमला १०० कोटी जंतू असलेलं खाद्य खाल्लेल्यांत मेले फक्त १८.९ टक्के. आणि ग्रॅमला १ लाख कोटी, म्हणजे हजारपट जास्त जंतू खाल्लेल्यांत? ४६.३ टक्के. जवळजवळ न दिल्यासारखंच! २००१ चा हा प्रयोग, पण आजही 'जास्त टाका, जास्त फायदा' म्हणणारे भेटतातच, आणि पाकिटामागचा आकडा वाचायची सवय आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट जिवंतपणाची. तरंगतं खाद्य बनवताना मशीनमधली उष्णता लॅक्टोबॅसिलसला सोसत नाही, बॅसिलस मात्र बीजाणूच्या कवचात तग धरतो म्हणून तळ्याच्या उत्पादनांत तोच जास्त दिसतो. पोटही वेगवेगळं बरं का, रोहू-कटल्याला जठरच नसतं, सगळं थेट आतड्यात, उलट तिलापियाच्या जठरात आम्ल भलतंच कडक, नाजूक जंतू तिथे टिकणं कठीण. म्हणून एकच पाकीट सगळ्या माशांना तेवढंच लागू पडेल असं धरू नका.

घरी मिसळायचं तर तयार खाद्यावर, पेज पूर्ण थंड झाल्यावर तिच्यात कालवून किंवा थोड्या तेलात, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी घाला. कालवायला क्लोरीनचं नळाचं पाणी नको. पोटॅशियम परमँगनेटसारखं जंतुनाशक किंवा अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. आणि हे जंतू पोटात कायमचे घर करत नाहीत, देणं थांबवलं की काही दिवसांत-आठवड्यांत संख्या उतरते, त्यामुळे आठवण आली की एकदा टाकलं याला काही अर्थ नाही. तळ्यात थेट ओतणारे तर रात्री ओततात, ते चुकीचं, कारण हे जंतूही ऑक्सिजन खातात आणि पहाटे तो आधीच सगळ्यात कमी झालेला असतो.

दोन तळी असतील तर एकाला द्या, एकाला नको, मासे आणि खाद्य दोन्हीकडे सारखं ठेवा, दर १५ दिवसांनी जाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोला आणि एक किलो माशामागे किती किलो खाद्य गेलं ते वहीत लिहा. फरक दिसला तर पुढचं पाकीट घ्या.