मनातला आवाज परका कसा होतो: स्किझोफ्रेनियाच्या बोधनिक स्पष्टीकरणांची पार्श्वभूमी

स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. या शब्दाने आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसवला आहे. एकाच देहात दोन माणसं राहतात, घटकेत एक बोलतो आणि घटकेत दुसरा, असं अजूनही अनेकांना वाटतं. मूळ शब्द घडवणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांना यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. १९०८ साली बर्लिनच्या व्याख्यानात त्यांनी हा शब्द मांडला आणि १९११च्या ग्रंथात तो विस्ताराने समजावला. त्यांच्या डोळ्यांसमोर होता विचारांचा तुटलेला धागा. एका विचारातून दुसरा विचार ज्या दुव्यांनी सुचतो ते दुवे या आजारात सैल पडतात, आणि बाकीची बरीचशी लक्षणं त्यातून उद्भवतात, असं त्यांचं प्रतिपादन होतं. म्हणजे आजाराच्या नावातच विचारप्रक्रियेविषयीचा एक सिद्धांत आहे. विचार, लक्ष आणि अनुभवाचा अर्थ लावणं या मनाच्या प्रक्रियांतून आजार समजावणाऱ्या ज्या मांडणींना आज बोधनिक किंवा संज्ञानात्मक स्पष्टीकरणं म्हणतात, त्यांचं मूळ इथे सापडतं.

ब्लॉयलर यांच्याआधी जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी याच आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश, असं म्हटलं होतं. ब्लॉयलर यांनी झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात रुग्णांच्या सहवासात वर्षं घालवली होती. प्रत्येक रुग्ण खालावतच जातो असं नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ते जुनं नाव त्यांना पटेना.

आजाराकडे विचारप्रक्रियेतून पाहण्याचा हा धागा पुढे अनेक वर्षं कुणी फारसा ओढला नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली खरा भ्रम, म्हणजे पुराव्यानेही न ढळणारी खोटी समजूत, हा आकलनापलीकडचा असतो, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून तो समजून घेता येत नाही, अशी मांडणी केली. यास्पर्स स्वतः रुग्णाचा अनुभव बारकाईने ऐकणारे होते, तरी या भूमिकेचा परिणाम खोल झाला. रुग्ण काय बोलतो हे निदानापुरतं टिपायचं, त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात पडायचं नाही, ही सवय रुजली. पुढे अमेरिकेत मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली थेट आईच्या वागण्यावर बोट ठेवलं गेलं. त्या सिद्धांताला पुरावा कधीच मिळाला नाही. आजारी मुलाला सांभाळता सांभाळता थकलेल्या कितीतरी आयांना मात्र अपराधाचं ओझं वाहावं लागलं. या इतिहासातलं हे पान मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

१९५२ साली दोन गोष्टी घडल्या. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरात आलं, आणि अमेरिकेत तरुण मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. सरकारी हेर आपल्या मागावर आहेत अशी या रुग्णाची पक्की समजूत होती. बेक त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. ही समजूत कशावर उभी आहे, हे त्याच्याच सोबतीने तपासत गेले. औषधाने जग बदललं. बेक यांचा लेख जवळपास विसरला गेला. त्यांचं नाव पुढे नैराश्यावरच्या उपचारांमुळे झालं.

दरम्यान संगणकाच्या युगात मेंदूकडे माहितीवर प्रक्रिया करणारी यंत्रणा म्हणून पाहिलं जाऊ लागलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ साली लक्ष म्हणजे एक गाळणी आहे असं सुचवलं. १९६१ साली अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना त्यांचा अनुभव विचारला. सगळे आवाज, सगळी दृश्यं सारख्याच जोराने आत शिरतात, कशाकडे दुर्लक्ष करायचं तेच कळत नाही, असं रुग्ण सांगत होते. १९७४ साली ब्रेंडन मायर यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या मते भ्रम असणाऱ्याचा तर्क बिघडलेला नसतो. त्याच्या वाट्याला आलेला अनुभवच विचित्र असतो, आणि त्याचं कारण तो आपल्यासारखाच शोधत असतो.

मग असा विचित्र अनुभव येतो कुठून? इथे थोडं थांबायला हवं. एक डोळा मिटून दुसऱ्या, उघड्या डोळ्याच्या पापणीच्या कडेला बोटाने हलकेच दाबलं, तर समोरचं जग हलताना दिसतं. तोच डोळा बोट न लावता आपण स्वतः फिरवला तर जग जागच्या जागी राहतं. एकोणिसाव्या शतकातच जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी या फरकाचा विचार केला होता. स्नायूंना आज्ञा पाठवताना मेंदू तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि ‘हा बदल मीच केलाय’ अशी वजाबाकी करतो, ही कल्पना १९५०च्या सुमारास प्रयोगांतून पक्की झाली. १९७८ साली अर्विन फाइनबर्ग यांनी विचारलं: विचार करणं हीसुद्धा एक क्रिया असेल तर? तिची प्रत हरवली, तर स्वतःचाच विचार दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही का?

हा प्रश्न ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी तडीस नेला. लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ते काम करत होते. १९९२च्या त्यांच्या पुस्तकात लक्षणांची तीन गटांत मांडणी आहे. स्वतःहून काही करण्याची प्रेरणा आटते, तेव्हा माणूस अबोल आणि निष्क्रिय होतो. स्वतःच्या कृतीवरची देखरेख ढळते, तेव्हा मनातलं बोलणं बाहेरचा आवाज म्हणून ऐकू येतं आणि हात कुणीतरी हलवतंय असं वाटतं. इतरांच्या मनात काय आहे याचा अंदाज चुकतो, तेव्हा सगळे माझ्याविरुद्ध कट करताहेत असा भ्रम होतो.

याला जुना आधारही होता. १९४९ साली लुई गूल्ड यांनी एका रुग्णाच्या घशातली पुटपुट यंत्राने मोठी करून ऐकली आणि ती त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांशी जुळली. २००० साली सारा-जेन ब्लेकमोर आणि फ्रिथ यांच्या गटाने गुदगुल्यांचा प्रयोग केला. आपल्याला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण मेंदूला त्या आधीच ठाऊक असतात. भास होणाऱ्या किंवा परक्या नियंत्रणाखाली असल्यासारखं वाटणाऱ्या रुग्णांना मात्र स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच जाणवला.

आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. हात हलवण्याआधी तसा इरादा असतो. विचार करण्याआधी ‘आता हा विचार करू’ असा इरादा कुठे असतो? आवाज शेजारणीचा किंवा वारलेल्या वडिलांचाच का असतो? शिवाय लक्षण कसं घडतं एवढंच ही मांडणी सांगते. ही देखरेख मुळात का ढळली, याचं उत्तर आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण आणि आयुष्यातले आघात यांत शोधावं लागतं. भारतात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली या दोन टोकांमध्ये पूल बांधायचा प्रयत्न केला. डोपामिन हे मेंदूतलं रसायन अवेळी स्रवलं की क्षुल्लक गोष्टींनाही अतोनात महत्त्व चिकटतं, आणि त्या महत्त्वाचा अर्थ लावता लावता भ्रम जन्माला येतो. त्या भ्रमाला आकार देते ती माणसाची संस्कृती. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या रुग्णांशी बोलून हेच टिपलं. अमेरिकी रुग्णांचे आवाज बहुधा हिंसक होते. चेन्नईत अनेकांना नातलगांचे आवाज ऐकू येत, आणि ते घरातली कामंही सांगत.

बेक यांची जुनी वाट इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात पुन्हा उघडली. २००२ साली तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी औषधांच्या जोडीने बोधनिक वर्तनोपचाराची, म्हणजे संवादातून समजुती आणि वागणं तपासत बदलण्याच्या उपचाराची, शिफारस केली. त्याचा गुण सुरुवातीला वाटला त्यापेक्षा माफक निघाला. नंतर ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी आणखी एक कल्पना पुढे आणली: रुग्णाने आपल्याला छळणाऱ्या आवाजाला संगणकावर चेहरा द्यायचा, थेरपिस्टने त्या चेहऱ्यातून बोलायचं, आणि रुग्णाने त्याला हळूहळू उलट उत्तर द्यायला शिकायचं. लंडनमध्ये १५० जणांवर याची चाचणी झाली. बाराव्या आठवड्यात हा उपचार घेणाऱ्या गटाचा आवाजांचा त्रास समुपदेशन घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होता. चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही गटांतला फरक उरला नाही.