आट्यांत अडकलेली शाई

पेन बाबांचं. काळं, हातानं घडवलेलं, एबोनाइटचं. कितीतरी वर्षं ते त्यांच्या खिशाला होतं, नंतर कपाटात पडून राहिलं. आतली शाई वाळली आणि निब बसवलेली पुढची ग्रिप नळीपासून सुटेना. बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्याखाली धरलं की सुटतं, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी तेच केलं. वाटीत कडकडीत पाणी घेऊन पेन उभं केलं. दोन मिनिटांत ग्रिप सुटलीही. पण पाण्यात बुडालेला अर्धा भाग काळा राहिला नव्हता. उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा हिरवट तपकिरी झाला होता, आणि पाणी जिथवर होतं तिथे पट्टीनं आखल्यासारखी रेघ उमटली होती. ती अजून आहे.

हे का झालं ते समजून घ्यायला मला फार उशीर झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एबोनाइट म्हणजे रबरच. साध्या रबरात गंधक शेकडा दोन-तीन भाग असतं. एबोनाइटमध्ये ते 25 ते 40 टक्क्यांपर्यंत जातं. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक साखळ्यांना इतक्या ठिकाणी एकमेकींशी बांधून टाकतात की रबराचं ताणणं-वाकणं संपतं आणि लाकडासारखा टणक, लेथवर कातता येणारा पदार्थ तयार होतो. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी त्याचं पेटंट 1851 मध्ये घेतलं. शाईतल्या आम्लाला तो दाद देत नाही, हाताला धातूसारखा थंड लागत नाही, आणि घासून पुसला की आरशासारखा चमकतो. पेनासाठी याहून चांगला पदार्थ मला तरी माहीत नाही.

त्याचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पृष्ठभागावरचे गंधकाचे बंध तोडतात. सुट्या झालेल्या गंधकाची हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा यांच्याशी गाठ पडली की अगदी थोड्या प्रमाणात सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फेटं तयार होतात. वरचा थर असा वर्षानुवर्षं आतून पोखरला जातो, तरी डोळ्यांना पेन काळंच दिसत राहतं. गरम पाणी लागलं की तो पोखरलेला थर एकदम उघडा पडतो. म्हणजे बाबांच्या पेनाचा रंग त्या दोन मिनिटांत गेला नव्हता. तो आधीच आतून गेलेला होता, मी फक्त तो बाहेर काढला. नवं एबोनाइट गार पाण्यात निर्धास्त बुडवा. जुन्याला मात्र गरम पाणी दाखवूसुद्धा नका.

हातानं घडवलेल्या पेनांची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं, ते गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत वर्ध्याला गांधीजींच्या हाती पोचलं, आणि वापरून पाहिल्यावर गांधीजींनी जुलै 1935 मध्ये ते चांगलं असल्याचं पत्रानं कळवलं. अशी पेनं साच्यातून निघत नाहीत. कारागीर एबोनाइटची कांडी लेथवर धरून कातत जातो, आटे पाडतो, आणि टोपण त्याच नळीवर बसवून बघत बघत जमवतो. म्हणून एकाचं टोपण दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही. एक भाग तुटला की तसाच दुसरा दुकानात मिळत नाही, आणि उघडताना घाई का करायची नाही याचं खरं कारण हेच आहे.

आता ग्रिप अडकते कशी? ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनात शाई थेट नळीतच असते, त्यामुळे ती आट्यांच्या फटीत शिरते. पाणी उडून जातं, रंग मागे राहतो आणि डिंकासारखा घट्ट धरतो. तो विरघळवायला गार पाणी पुरतं, फक्त वेळ लागतो. हा वेळ किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. अरुंद फटीत पाणी वाहत नसतं, त्यामुळे रंगाचे रेणू इकडेतिकडे धडपडतच बाहेर येतात. या धडपडीचा नियम असा की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. एक मिलिमीटर ओलांडायला साधारण पंधरा-वीस मिनिटं, तर पाच मिलिमीटरला त्याच्या पंचवीसपट, म्हणजे सहा ते आठ तास. ‘रात्रभर भिजत ठेवा’ असं जुने दुरुस्तीवाले सांगतात ते उगाच नाही. सकाळी पाणी बदलायचं, कारण बाहेरचं पाणी स्वच्छ असेल तरच आतला रंग बाहेर यायला तयार असतो.

भिजवून भागलं नाही तर ऊब, पण कोरडी. एबोनाइट तापल्यावर पोलादाच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. 10 मिलिमीटर व्यासाची नळी 20 अंशांनी तापवली तर व्यास दीड शतांश मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांच्या घट्टपणात तेवढंच पुरतं. मात्र वाढायला हवी ती फक्त बाहेरची नळी. एबोनाइटमधून उष्णता सावकाश जाते. दीड मिलिमीटर जाडीची भिंत ओलांडायला तिला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात पीळ दिला तर बाहेरचा भाग फुललेला आणि आतला अजून गार, अशी वेळ साधता येते. जास्त वेळ तापवत बसलात तर दोन्ही फुलतात आणि हाती काही लागत नाही. हेअर ड्रायर वीतभर लांब धरायचा, पेन गोल फिरवत राहायचं, आणि चिमटीत धरवत नसेल इतकं तापू द्यायचं नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात एबोनाइट स्वतःच मऊ पडून वाकतं. जुन्या पेनांच्या सांध्यात कधीकधी लाख भरलेली असते, तीही सत्तरच्या आसपासच मऊ होते. तिथे फार सांभाळावं लागतं. पेन सेल्युलॉइडचं, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकचं, असण्याची शंका आली तर ऊब द्यायचीच नाही, तो पदार्थ भडकन पेट घेतो.

मग पीळ. पक्कड हातातसुद्धा घेऊ नका. तिच्या दातांची टोकं मिळून एखाद-दोन चौरस मिलिमीटरवर टेकतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन सेंटिमीटर रुंद पट्टा गुंडाळला तर तोच जोर सहाशेहून अधिक चौरस मिलिमीटरवर वाटला जातो. चकाकीवर ओरखडा पडतो की नाही ते इथेच ठरतं. दुसरी गोष्ट मला स्वतःला बराच काळ उमगली नव्हती. बोटं कुठे धरायची? आपला हात आपोआप सांध्यावर जातो. पण सांध्यावर, म्हणजे आटे गुंतलेत नेमक्या तिथेच, नळी आवळली की ती आतल्या आट्यांवर दाबली जाते आणि घर्षण वाढतं. जितकं जोरात धरू तितकं ते जास्त अडतं. नळी सांध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे धरा, ग्रिप निबेच्या बाजूला, आणि पीळ सरळ रेषेत द्या. इकडेतिकडे हलवून सैल करायला गेलात तर आट्यांची धार उडते.

निब आणि तिच्याखालची, शाई निबेपर्यंत आणणारी जीभ बहुधा फक्त दाबून बसवलेली असते, तिथे आटे नसतात. दोन्ही एकत्र, रबराच्या तुकड्यात धरून, न पिळता सरळ ओढायची. जिभेच्या बाजूच्या बारीक पट्ट्यांवर चिमटा लावला की त्या तुटतात, आणि मग पेन गळतं.

लाकडी पेनांचं थोडं वेगळं असतं. त्यात बहुधा लाकूड पितळी नळीवर चिकटवलेलं आणि धातूचे भाग दाबून बसवलेले असतात; ते पिळून निघत नाहीत, आतून सरळ दांड्यानं रेटून काढावे लागतात. वरची काचेसारखी चकाकी अनेकदा झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाचीच असते. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तिच्यावर पडलं तर ती विरघळते. ॲक्रिलिकच्या पेनाला स्पिरिट लावलं तर आत बारीक तडे उमटू शकतात. तिथेही साबणाचं गार पाणीच बरं.

अलीकडे एका नातेवाइकांकडून तसंच वाळलेलं, पण कपाटाच्या अंधारात नवंकोरं राहिलेलं एक पेन हाती आलं. उघडण्याआधी सांध्यावर आडवी कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि ब्लेडनं ती पट्टी सांध्यावर अलगद कापली. पहिल्या रात्रीचं पाणी सकाळी जांभळट निळं झालं होतं. दुसऱ्या रात्रीचं फिकट. तिसऱ्या सकाळी वाटी उजेडात धरली तर सांध्याच्या फटीतून निळ्या रंगाचा एक धागा हळूहळू तळाकडे उतरत होता. पेन पुसलं, ट्यूबचा पट्टा गुंडाळला, वीसेक सेकंद ऊब दिली आणि ग्रिप पाव आटा फिरली. आतले आटे मऊ ब्रशनं धुतले, वाळवले, कणभर सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलिन नव्हे, त्यानं रबराचे भाग फुगतात), आणि परत फिरवत आणलं. शेवटच्या वेढ्याला पट्टीवरच्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांना येऊन भिडले.