वाचायचा अंक आणि जपायचा अंक

आजोबांच्या ट्रंकेत एका साप्ताहिकाचा युद्धविशेष निघाला. तारीख 12 डिसेंबर 1971. मधल्या जोडपानावर सीमेचा नकाशा आणि नकाशाच्या मागे चारही कोपऱ्यांना वाळून कडक झालेली खळ. सदाशिव पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो लावलेला होता. लढाई संपल्यावर आजोबांनी अलगद सोडवून परत अंकात ठेवला.

आता हा द्यायचा कुणाला, वाचनालयाला की संग्रहालयाला? जुने अंक दोघंही ठेवतात, म्हणून अनेकांना यात फरक वाटत नाही. मला तो फार मोठा वाटतो.

वाचनालयाला मजकूर हवा असतो. त्यांच्या लेखी आमची प्रत खराबच: पानं सुटलेली, डागाळलेली. स्वच्छ प्रत मिळाली की हिची गरज संपली. वर्षभराचे अंक बांधताना मुखपृष्ठं, जाहिराती काढून टाकायची, कडा कापायच्या, असंही बऱ्याच ठिकाणी होत आलंय. चांगला स्कॅन झाला तर वाचकाचं काम भागतं.

संग्रहालयाला मात्र हीच प्रत हवी. खळीचा डाग तिथे पुसायचा नसतो. छापलेलं युद्ध पुण्यातल्या एका घरात कसं पोचलं, हे तो डागच सांगतो आणि स्कॅनमध्ये खळ हाताला लागत नाही.

तारखेचंही तसंच. ढाक्यातली शरणागती 16 डिसेंबरची. म्हणजे या अंकाला निकाल माहीतच नाही! वाचनालयात माणूस पुढचा अंक काढून वाचतो. काचेच्या पेटीत हा एकटाच असतो. नकाशासमोर उभ्या राहिलेल्या आजोबांइतकाच अनभिज्ञ. (अमेरिकी साप्ताहिकांवर पुढची तारीख छापायची पद्धत होती. त्यामुळे तिथल्या 20 डिसेंबरच्या अंकातही शरणागती सापडेलच असं नाही.)

जपणूकही वेगळी. स्वस्त छपाईच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, असतं. उजेडाने तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून संग्रहालयात अशा कागदावर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, तोही ठरावीक काळ. घरी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

आम्ही संग्रहालय ठरवलंय. सोबत वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलंय: नकाशा कुणी लावला, कुठल्या भिंतीवर, खळ कशाची. गव्हाच्या पिठाची, हे आत्याला आठवत होतं.