झामोयस्कींचा वारस आणि वंश खुंटण्याचं गणित

एप्रिल १६६५ मध्ये यान झामोयस्की वारला तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. पोलंडमधल्या बड्या जहागिरींपैकी एक त्याच्या नावावर होती. झामोश्च हे तटबंदीचं शहर त्याचं होतं. १६५६ मध्ये स्वीडिश फौज याच तटाखालून हात हलवत परत गेली होती. नव्हता तो फक्त मुलगा. बायको मारिया काझिमिएरा हिला त्याच्यापासून झालेली मुलं तान्ही असतानाच दगावली होती. तिने त्याच वर्षी यान सोबिएस्कीशी लग्न केलं, पुढे तो राजा झाला आणि ती राणी. झामोयस्कींच्या घरात मात्र जहागीर कोणाची, यावरून भांडण पेटलं.

हे भांडण अशक्य व्हावं म्हणूनच मयताच्या आजोबांनी सगळा बंदोबस्त करून ठेवला होता. त्यांचंही नाव यान (१५४२–१६०५). इटलीत पादुआला शिकून आलेला हा माणूस १५७८ मध्ये पोलंडचा महाचॅन्सेलर झाला आणि १५८१ मध्ये सरसेनापतीही. १५८० मध्ये त्याने पादुआच्याच बेर्नार्दो मोरांदो या वास्तुकाराकडून अख्खं शहर आखून घेतलं. तेच झामोश्च आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मृत्यूसमयी त्याच्या खासगी मालकीची ११ शहरं आणि २०० हून जास्त खेडी होती. पोलंडमधल्या रिवाजाप्रमाणे अशी मालमत्ता सगळ्या मुलांत वाटली जाई आणि तीन-चार पिढ्यांत तिचे तुकडे होत. म्हणून १५८९ मध्ये त्याने संसदेकडून ‘ऑर्दिनात्स्या’ मंजूर करून घेतली. मालमत्ता विकायची नाही, वाटायची नाही, पुरुषांच्या वंशात थोरल्याकडे अखंड जायची.

वाटण्यांपासून जहागीर वाचली. पण थोरल्या शाखेत मुलगे होतीलच, याची हमी कोणताही कागद देऊ शकत नव्हता. मुलगा तोमाश, नातू यान आणि पुढे कोणी नाही. तिसऱ्याच पिढीत संस्थापकाची पुरुषशाखा संपली.

वाचणाऱ्याला हा दैवदुर्विलास वाटेल. गणिताला तसं वाटत नाही. १८४५ मध्ये इरेने-ज्यूल बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने नेमका हाच प्रश्न हाताळला होता, पण त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने तो पुन्हा मांडला. नामांकित घराणी एवढी का नाहीशी होतात? त्यांचं रक्त दुबळं होतं की हा निव्वळ योगायोग? हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने उत्तर काढलं, तेही अर्धंच बरोबर. सगळीच घराणी शेवटी नष्ट होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. समीकरणाला दुसरंही उत्तर होतं, काही घराणी कायम टिकू शकतात. ते त्याच्या नजरेतून सुटलं.

हिशोब अवघड नाही. समजा दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होऊन संसाराला लागतो. सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. कोणाला तीन, कोणाला शून्य. ही वाटणी निव्वळ यदृच्छेने होत असेल, तर १०० पैकी सुमारे ३७ जणांना मुलगाच नसतो. त्यांची शाखा तिथेच संपते. उरलेल्यांच्या मुलांना पुन्हा तोच नियम लागू. दुसऱ्या पिढीअखेर १०० पैकी ५३ शाखा गेलेल्या असतात, तिसऱ्या पिढीअखेर ६३, दहाव्या पिढीला ८४. लोकसंख्या मात्र जिथल्या तिथेच राहते, कारण टिकलेल्या थोड्या शाखा फोफावतात. सरासरी एकच राहिली, तर पुरेसा काळ गेल्यावर प्रत्येक शाखा खुंटते. सरासरी १.२ वर नेली, म्हणजे लोकसंख्या झपाट्याने वाढणारी धरली, तरी १०० पैकी ६९ शाखा कधी ना कधी नाहीशा होतात. वॉटसनच्या हातून निसटल्या त्या उरलेल्या ३१. हेच समीकरण पुढे अणुगर्भांच्या साखळी-अभिक्रियेला आणि साथीच्या रोगाच्या फैलावालाही लागू पडलं.

म्हणजे संस्थापकाची शाखा तिसऱ्या पिढीत संपणं हा अपवाद नव्हताच. अर्थात खऱ्या घराण्यात प्रत्येक भावाचं नशीब स्वतंत्र नसतं. युद्ध, साथ आणि धर्मपीठाकडे गेलेले मुलगे सगळ्यांवर एकदम परिणाम करतात. सूत्र त्या बाबतीत ढोबळच आहे.

आता वाद. तोमाशची मुलगी ग्रिझेल्डा हिचं लग्न विश्निओविएत्स्की घराण्यात झालं होतं. भाऊ गेल्यावर तिने जहागिरीवर हक्क सांगितला. तिचा मुलगा मिखाउ १६६९ मध्ये पोलंडचा राजाही झाला, पण १६७३ मध्ये निपुत्रिक मेला. दुसरीकडे घराण्याच्या बाजूच्या शाखेतला मार्चिन झामोयस्की संस्थापकाचा १५८९ चा कागद पुढे करत होता, आणि अखेर जहागीर त्याच्याकडे गेली. मला यातली गंमत वेगळी वाटते. मार्चिन संस्थापकाचा वंशज नव्हता, फक्त पूर्वज सामायिक होते. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र, मधे काही भानगड झाली नसेल तर, दोघांचं एकच असणार. मोजणी संस्थापकापासून सुरू केली की वंश १६६५ मध्ये बुडालेला दिसतो. १५व्या शतकात झामोश्चचं जुनं खेडं घेणाऱ्या पूर्वजापासून केली की तो चालूच असतो. त्या खेड्यावरूनच घराण्याला झामोयस्की हे नाव पडलं, आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखं.

आणखी मागे जायचं तर मानचिन्हाकडे जावं लागतं, आणि तिथे जीवशास्त्र हात टेकतं. तीन भाल्यांचं ‘येलिता’ हे चिन्ह झामोयस्कींप्रमाणेच इतर अनेक घराणी वापरत. पोलंडमध्ये एकाच चिन्हाखालच्या घराण्यांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. १३३१ च्या प्वोव्त्सेच्या लढाईत तीन भाले लागलेल्या फ्लोरियान शारीची कथा ही सगळी घराणी आपली म्हणून सांगतात. ती आख्यायिकाच आहे.

मार्चिनच्या शाखेलाही सरळ रस्ता मिळाला नाही. १७६७ मध्ये आठवा वारसदार मुलगा नसताना गेला आणि जहागीर उलटी चढून काका यान याकुबकडे गेली. त्यालाही मुलगा नव्हता, मग ती भाऊ आंद्झेईकडे. सरळ रेषा तुटली की बाजूच्या फांदीवर उडी, असं करत १५८९ पासून १९४४ पर्यंत सोळा वारसदार झाले. काझिमिएराचं दुसरं सासर इतकंही टिकलं नाही: सोबिएस्कींची पुरुषशाखा १७३७ मध्ये राजपुत्र याकुबबरोबर संपली.

सोळावा वारसदार यान झामोयस्की १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या झ्वेझिनेत्सच्या छावणीतून शेकडो लहान मुलांना सोडवून आणण्यासाठी धडपडला. १९४४ च्या जमीनसुधारणेने त्याची जहागीर काढून घेतली, नंतर कम्युनिस्ट सरकारने त्याला तुरुंगातही टाकलं. २००२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा मार्चिन झामोश्चचा नगराध्यक्ष झाला, लोकांच्या मतांनी.