फ्रान्सिस कॅबट लोवेल

फ्रान्सिस कॅबट लोवेल (१७७५–१८१७) हा अमेरिकेतल्या बोस्टनचा व्यापारी. अमेरिकन कापडगिरणीचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात, पण त्याचा सुरुवातीचा पैसा आला तो आपल्याकडच्या कापडातून, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. चीनहून रेशीम आणि चहा, कलकत्त्याहून हातमागाचं सुती कापड मागवायचं आणि बोस्टनला विकायचं हा त्याचा धंदा. तिथल्या बंदरात इंडिया व्हार्फ नावाचा मोठा धक्का उभा राहिला त्यातही त्याची भागीदारी होती.

१८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि असा सगळा धंदा अडकला. तब्येतही बरी नव्हती, म्हणून १८१० मध्ये तो बायकामुलांसकट ब्रिटनला गेला आणि तिथे लँकशायरच्या गिरण्या बघत फिरला. यंत्र किंवा त्याचे नकाशे देशाबाहेर न्यायला ब्रिटनमध्ये कायद्याने मनाई होती, त्यामुळे यंत्रमाग कसा चालतो ते त्याने नुसतं बघून डोक्यात साठवलं. १८१२ मध्ये परत येताना अमेरिका आणि ब्रिटनची लढाई सुरू झालेली, ब्रिटिशांनी जहाज पकडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला नेलं, सामान उचकलं, पण कागदावर काही असेल तर सापडणार ना!

मग मेहुणा पॅट्रिक जॅक्सन वगैरे मंडळींना घेऊन त्याने कंपनी काढली आणि बोस्टनजवळ वॉल्थमला चार्ल्स नदीच्या पाण्यावर चालणारी गिरणी १८१४ मध्ये सुरू केली. पॉल मूडी या कारागिराने माग प्रत्यक्षात आणला. पहिला माग चालायला लागला तेव्हा आपण आणि लोवेल तासन्‌तास त्याची हालचाल बघत बसलो होतो, असं लोवेलचा भागीदार नेथन अ‍ॅपल्टन याने लिहून ठेवलंय. एका बाजूने कापूस आत, दुसऱ्या बाजूने तयार कापड बाहेर, कताई आणि विणकाम एकाच छपराखाली, हे अमेरिकेत नवीन होतं. मागावर शेतकऱ्यांच्या मुली, आणि कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला, हे विसरून या यशाबद्दल बोलता येत नाही.

१८१६ चा आयात कर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुती कापड कितीही स्वस्त असो, वाराला निदान २५ सेंट किंमत धरायची आणि त्यावर २५ टक्के कर लावायचा, म्हणजे वारामागे कमीत कमी सव्वासहा सेंट. लोवेलने वॉशिंग्टनला जाऊन यासाठी खटपट केली होती. याचा फटका बसला तो भारतातल्या स्वस्त, जाड्याभरड्या कापडाला, म्हणजे ज्या मालावर तो स्वतः मोठा झाला त्यालाच.

पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी तो वारला. मेरिमॅक नदीकाठच्या गिरणीगावाला लोवेल हे नाव १८२६ मध्ये दिलं गेलं, त्याने ते गाव बघितलंच नाही. त्याचा मुलगा जॉन लोवेल हा स्वतःची बायको आणि दोन्ही मुली वारल्यावर जगप्रवासाला निघाला आणि १८३६ च्या मार्चमध्ये आपल्या मुंबईत येऊन वारला. जॉनच्या मृत्युपत्रातल्या पैशातून बोस्टनला लोकांसाठी फुकट व्याख्यानं सुरू झाली.