जामीन मंजूर झाला, मग सुटका का नाही? कोर्टाच्या आदेशापासून तुरुंगाच्या दारापर्यंतची कागदपत्रं

वकील फोनवर सांगतात, ‘जामीन झाला.’ घरचे लोक त्याच संध्याकाळी तुरुंगाच्या दारात जाऊन उभे राहतात आणि दारावरचा शिपाई म्हणतो, ‘आमच्याकडे काही आलेलं नाही.’ तो खोटं बोलत नसतो. जामिनाच्या आदेशात कोर्ट फक्त कोणत्या अटींवर सोडायचं ते ठरवतं. त्या अटी पुऱ्या करून जामीनपत्र भरलं की मग कोर्ट तुरुंगाच्या नावे सुटकेचा आदेश काढतं. वकील त्याला रिलीज ऑर्डर किंवा रिलीज मेमो म्हणतात. तुरुंगाचं दार उघडतं ते या दुसऱ्या कागदाने. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (अटक, जामीन आणि खटला कसा चालवायचा ते ठरवणारा कायदा; पुढे नुसतं ‘संहिता’) हे कलम 487 मध्ये आहे.

तुरुंग हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रात तो गृह विभागाखाली येतो, कारागृह व सुधारसेवा विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, नागपूर, कोल्हापूर अशी मध्यवर्ती कारागृहं, त्याखाली जिल्हा कारागृहं अशी रचना आहे. पण खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याच्या बाबतीत तुरुंग हा केवळ राखणदार. कोर्टाच्या वॉरंटवर माणूस आत येतो आणि कोर्टाच्याच कागदावर बाहेर पडतो. त्यामुळे अधीक्षकांकडे ‘साहेब, सोडा’ म्हणून जाण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या एका कामासाठी मात्र अधीक्षकांचं कार्यालय फार उपयोगाचं आहे, ते पुढे येईलच.

आधी आदेश नीट वाचा

आदेशाची प्रत हातात घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आपल्याकडे साधारण मजकूर असा असतो: अमुक रकमेचा पी.आर. बाँड, म्हणजे आरोपीचा स्वतःचा जातमुचलका (कोर्टात हजर राहण्याची लेखी हमी), आणि तितक्याच रकमेचा एक किंवा दोन जामीनदार. नुसता पी.आर. बाँड असेल तर काम सोपं; आरोपीची सही पुरते. ‘रोख जामीन’ लिहिलं असेल तर पैसे कोर्टात भरायचे आणि पावती घ्यायची. कधी काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मिळतो आणि तेवढ्या मुदतीत जामीनदार उभा करायचा असतो. आदेशात रोख रकमेचा उल्लेख नसला तरी तशी परवानगी मागणारा अर्ज कलम 490 खाली करता येतो. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, ना शेत ना घर अशा माणसाच्या वकिलाने हा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला हवा. अनेक वकील जामीनदार शोधण्यात आठवडा घालवतात आणि मग याच्याकडे वळतात.

जामीनदाराला काय लागतं

जामीनदार नातेवाईकच हवा असं नाही. त्याची ओळख पटावी आणि रकमेइतकी ऐपत दिसावी, एवढं कोर्ट बघतं. सोबत आधार, पॅन, शिधापत्रिका, वीजबिल आणि पासपोर्ट आकाराचे फोटो न्या; सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स. ऐपतीसाठी शेतकऱ्याकडे सातबारा आणि आठ-अ, घर असेल त्याच्याकडे घरपट्टीची पावती, नोकरदाराकडे पगारपत्रकं आणि कार्यालयाचं ओळखपत्र. मोठ्या रकमेला तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागितला जातो. तो एका दिवसात हाती पडत नाही, तेव्हा जामीन अर्जाची सुनावणी चालू असतानाच त्याच्या मागे लागलेलं बरं. सातबारा ताजा हवा. त्यावर कर्जाचा बोजा चढलेला असेल तर प्रश्न विचारले जातात, आणि सामाईक गटात पाच भावांची नावं असतील तर जामीनदाराचा हिस्सा किती हेही विचारतात.

कलम 486 प्रमाणे जामीनदाराने एक निवेदन द्यावं लागतं: आपण याआधी किती जणांना जामीन राहिलो आहोत, तपशिलासह. कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार पाहिजे का’ म्हणत फिरणारी माणसं इथेच गोत्यात येतात आणि तुम्हालाही घेऊन बुडतात. त्यांचे दाखले बनावट निघाले तर जामीन रद्द होतोच, वर फसवणुकीचा नवा गुन्हा मागे लागतो.

जामीनदार स्थानिकच हवा, असा आग्रह अजूनही काही ठिकाणी धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या मोतीराम प्रकरणातच तो खोडून काढला आहे. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं होतं. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार अमान्य केला. पुण्यात अटक झालेल्या बीडच्या माणसासाठी बीडचा जामीनदार नाकारला गेला, तर वकिलाने हा निकाल पुढे ठेवावा. रक्कमच झेपण्यापलीकडची असेल तर ती कमी करण्याचा अर्ज कलम 484 खाली करता येतो.

कागद तुरुंगात पोचेपर्यंत

सुटकेच्या आदेशावर आरोपीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि कलमं असतात. यातलं एक जरी तुरुंगाच्या वॉरंटशी जुळलं नाही तर कागद परत जातो. ‘शेख’ आणि ‘शेक’ एवढ्या फरकाने लोकांच्या रात्री वाढल्या आहेत, म्हणून कोर्टातून निघण्याआधी कारकुनाच्या टेबलापाशीच ताडून बघा. वेळही महत्त्वाची. संध्याकाळची ठरलेली वेळ टळली की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. 2021 च्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकायची तुरुंगाची पेटी) कागद वेळेत पडला नाही म्हणून एक अतिशय गाजलेला आरोपीही आणखी एक रात्र आत राहिला होता. बाकीच्यांची बातमी होत नाही, इतकंच.

आणि सगळं जुळूनही सुटका होत नसेल तर एक प्रश्न विचारा: दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात त्याच्या नावे वॉरंट आहे का? असेल तर त्यातही स्वतंत्र जामीन लागतो. पहिल्या जामिनासाठी खर्च करण्याआधीच तुरुंगातून ही माहिती काढून घ्या.

पैसे नाहीत, जामीनदार नाही

2022 च्या अखेरीस देशातल्या सुमारे पावणेसहा लाख कैद्यांपैकी चार लाखांहून अधिक कच्चे कैदी होते. त्यातले काही जामीन मिळूनही आत असतात. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला दिलेले निर्देश घरच्यांना माहीत असायलाच हवेत. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेलने पाठवायची. जामीन मिळाल्याची तारीख अधीक्षकांनी ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंद प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर त्यांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. एक महिन्यात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

कागदावर हे आपोआप होतं. प्रत्यक्षात कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. अधीक्षकांचं कार्यालय उपयोगी पडतं ते इथे. आठव्या दिवशी अधीक्षकांना साधं पत्र द्या: कैद्याचं नाव, खटल्याचा क्रमांक, जामिनाची तारीख, ‘आर्थिक परिस्थितीमुळे सुटका झालेली नाही, कृपया विधी सेवा प्राधिकरणास कळवावे.’ एक प्रत जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात, आणि दोन्हीकडची पोच घ्या. कोठडीतल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कारण नाही. हेल्पलाइन 15100.

प्राधिकरणाकडून पुढे केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेचा रस्ता आहे. 2023 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जामिनासाठी कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्याला 25,000 रुपयांपर्यंत मदत होते. सध्या लागू असलेली मर्यादा प्राधिकरणाच्या कार्यालयातून विचारून घ्या. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधिकारी, प्राधिकरणाचे सचिव आणि न्यायाधीश यांची समिती प्रकरण तपासते. रक्कम कैद्याच्या हातात पडत नाही, कोर्टात जमा होते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या आरोपींना ही योजना नाही. रेशनकार्ड आणि घरच्या परिस्थितीची माहिती तयार ठेवा, चौकशीला माणूस येऊ शकतो.

जामीनच मिळाला नसेल तर

संहितेचं कलम 479 बघा. याआधी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, आणि इतरांनी निम्मा, तर सुटकेचा विचार करावाच लागतो. उदाहरणार्थ, राहत्या घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं. पहिल्याच वेळचा आरोपी दोन वर्षं चार महिन्यांनी पात्र. फाशी किंवा जन्मठेप असू शकणारे गुन्हे यात बसत नाहीत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. आरोपीनेच खटला लांबवला असेल तर तो काळ धरत नाहीत. यात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांनाही हे लागू असल्याचं स्पष्ट केलं. तरी अटकेची तारीख आणि कलमं लिहिलेला अर्ज कैद्याने स्वतः द्यावा.

रोख जामीन भरला असेल तर मूळ पावती जपून ठेवा. खटला संपल्यावर ते पैसे आपणहून घरी येत नाहीत. पावती जोडून परताव्याचा अर्ज त्याच कोर्टात करावा लागतो, आणि पावती ज्याच्या नावे असेल त्यालाच पैसे मिळतात. म्हणून भरतानाच नाव विचारपूर्वक घाला.