मार्गदर्शक तत्त्वे आणि तुमचा मणका: उपचाराचा निर्णय आम्ही कसा घेतो

ओळखीच्या एकाच्या मणक्याला हाताने जो झटका दिला तो मला का दिला नाही, किंवा एक्स-रे का काढला नाही, असे अनेकजण पहिल्याच भेटीत विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यावर व सांध्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन करायच्या उपचारांची सुरुवात आम्ही प्रकाशित मार्गदर्शक तत्त्वांपासून करतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक व मालिश यांच्याबरोबर मणक्यावरील हस्तोपचारालाही स्थान दिले. ब्रिटनमध्ये उपचारांची तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने मात्र २०१६ सालीच, व्यायामाची जोड असेल तरच हस्तोपचाराचा विचार करावा, असे सुचवले होते. आम्हाला दुसरी भूमिका अधिक पटते, म्हणून व्यायामाशिवाय आम्ही उपचार आखत नाही. गंभीर आजाराची लक्षणे नसतील, तर सुरुवातीलाच एक्स-रे काढण्याचा आग्रहही आम्ही धरत नाही.

तरीही ही तत्त्वे अनेक रुग्णांच्या अभ्यासावरून ठरतात आणि आमच्यासमोर एकच रुग्ण असतो. धडधाकट व्यक्तीला मानवणारा झटका हाडे ठिसूळ झालेल्या किंवा बरीच वर्षे स्टिरॉइड घेतलेल्या व्यक्तीला इजा करू शकतो. अशा वेळी आम्ही सौम्य हालचाली निवडतो. मानेबाबत आम्ही अधिकच सावध असतो, कारण झटक्यानंतर मानेतील धमनीला इजा झाल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत. तो धोका समजावून सांगितल्याशिवाय आणि तुमची संमती घेतल्याशिवाय आम्ही मानेवर उपचार करत नाही.

अनुभवाविषयीही प्रांजळपणे सांगायला हवे. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरीच कमी होते, त्यामुळे ‘माझ्या हाताला गुण आहे’ असे वाटून उपचारक स्वतःच फसू शकतो. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे, की उपचार कमी करायला किंवा थांबवायला शंका पुरेशी आहे. तत्त्वांपलीकडे काही करायचे असेल, तर त्याचे कारण तुमच्या नोंदीत लिहावे लागते आणि तुम्हाला सांगावेही लागते. ते कारण पटले नाही, तर नकार द्यावा. त्यामुळे पुढील उपचारांत काहीही फरक पडणार नाही.

काही लक्षणांपुढे मात्र आमच्या अनुभवाला जागाच नाही. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास आमच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.